रॉकेट जमिनीवरून कसं जातं?



रॉकेटची गोष्ट म्हटली की आपण कुठून सुरू करतो? दहा, नऊ, आठ, सात... उलट्या मोजणीपासून. मग आग, धूर, टाळ्या. आजचा भाग मात्र त्या दहाच्या आधीचा आहे. म्हणजे पहाटे कुणीतरी गाडीच्या मागे ट्रेलर जोडतंय, दोरी आवळतंय, आणि विचारतंय, "तो कच्चा रस्ता पावसानंतर चालू असेल ना रे?"

विषय आहे हौशी रॉकेटवाल्यांचा. सरकारी अंतराळ संस्थांचा नाही, तर स्वतःच्या खिशातून, सुट्टीच्या दिवशी, चार मित्र जमवून रॉकेट बनवणाऱ्यांचा. त्यांच्या इतिहासात इंजिनं फुटतात, पॅराशूट उघडत नाहीत, ते सगळं आहेच. पण शंभर वर्षांच्या या गोष्टीत एक अडचण कायम राहिली आहे, आणि ती हवेत नाही, जमिनीवर आहे. उडवायला जागा कुठली? आणि सामानसुमान घेऊन तिथपर्यंत जायचं कसं?

हे किरकोळ वाटतं, पण या एका प्रश्नाने माणसांची आयुष्यं बदलली आहेत. एका क्लबच्या बाबतीत तर त्याची किंमत फार मोठी होती. तिथवर येऊच.

आत्याबाईंचं शेत

सुरुवात १६ मार्च १९२६ ची. अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स राज्य, ऑबर्न नावाचं गाव. जमिनीवर बर्फ आहे. रॉबर्ट गॉडर्ड नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एफी नावाच्या नात्यातल्या आत्याबाईंच्या शेतात जगातलं पहिलं द्रवइंधन रॉकेट उडवतात. ते अडीच सेकंद उडतं, ४१ फूट वर जातं आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडतं.

इथे प्रवासाचा प्रश्न तसा सोपा होता. गॉडर्ड शेजारच्याच वूस्टर शहरात क्लार्क विद्यापीठात शिकवायचे. रॉकेट हलकं, शेत जवळ, मालकीणबाई घरच्या. आपल्याकडे कसं, मामाच्या गावच्या शेतात काहीही उद्योग केले तरी चालतात, तसंच.

पण रॉकेट मोठं झालं. १७ जुलै १९२९ ला त्यांनी वायुदाबमापक, तापमापक आणि कॅमेरा बसवलेलं रॉकेट उडवलं. आवाज इतका झाला की लोकांना वाटलं विमान कोसळलं. पोलीस आले, रुग्णवाहिका आल्या, आणि त्यांच्यामागे पत्रकार. पुढे राज्याच्या अग्निशमन प्रमुखांनी सांगून टाकलं की मॅसॅच्युसेट्समध्ये हे प्रयोग पुरे.

झालं. शेत तिथेच होतं, रॉकेट तयार होतं, पण जागा गेली.

मग एक पळवाट निघाली. कॅम्प डेव्हन्स नावाचा लष्करी तळ होता. ती जमीन केंद्र सरकारची, म्हणजे राज्याच्या बंदीच्या बाहेर. तिथे परवानगी मिळाली, पण अट अशी की पाऊस पडून गेल्यावर किंवा बर्फ असतानाच प्रयोग करायचे, म्हणजे आग लागणार नाही. आता ही अट नीट ऐका. जमीन ओली असेल तरच या, आणि जमीन ओली असेल तेव्हा रस्ता कसा असणार? वूस्टरपासून सुमारे ४० किलोमीटर, नाजूक यंत्रसामग्री गाडीवर लादून, चिखलातून नाहीतर बर्फातून. प्रयोगशाळेत तासन्‌तास घालून घट्ट केलेली प्रत्येक जोडणी अशा रस्त्यावर पुन्हा तपासावी लागते. जागा मिळाली, पण वाट अशी की प्रयोगापेक्षा प्रवासच जड.

रॉसवेलचा ट्रेलर

१९३० मध्ये गॉडर्ड यांना डॅनियल गुगेनहाइम यांच्याकडून मोठी देणगी मिळाली. त्यामागे चार्ल्स लिंडबर्गची शिफारस होती. हा तोच वैमानिक, ज्याने एकट्याने न थांबता अटलांटिक ओलांडला. पैसा हातात आल्यावर गॉडर्डनी काय केलं? आधी जागा शोधली. हवामान, वारा, लोकवस्ती, सगळ्याचा विचार करून त्यांनी थेट न्यू मेक्सिको राज्यातलं रॉसवेल गाठलं. पहिल्या गावापासून तीन हजार किलोमीटरच्या वर. अख्खी कार्यशाळा हलवली.

आणि इथे त्यांनी एक हुशारी केली. दोन जागा ठरवल्या. कार्यशाळा घराजवळ, आणि तिथेच एक छोटा मनोरा, ज्यात रॉकेट बांधून ठेवून फक्त इंजिन चालवून बघायचं. प्रत्यक्ष उड्डाणाचा मोठा मनोरा मात्र लांब, ईडन व्हॅली नावाच्या माळरानावर. तो मनोराही पवनचक्कीच्या सांगाड्यातून बनवलेला.

ही हुशारी का? कारण रोजची खुडबुड घरी होते. लांबच्या रस्त्यावर फक्त तयार झालेलं, तपासलेलं रॉकेट न्यायचं. फेऱ्या कमी, हादरे कमी, डोकेदुखी कमी. आजही कुठलाही रॉकेट क्लब हेच करतो. मैदानावर जाऊन स्क्रू शोधायचे नसतात.

गॉडर्ड यांचा त्या काळातला एक फोटो नासाच्या संग्रहात आहे. जरूर शोधून बघा. फोर्डचा मॉडेल ए ट्रक, त्याच्या मागे चाकांची गाडी आणि त्यावर आडवं झोपलेलं रॉकेट. आजूबाजूला काहीच नाही, फक्त सपाट जमीन. आधुनिक रॉकेटविज्ञानाचे जनक मानले जाणारे गृहस्थ आपलं रॉकेट ट्रेलरवर टाकून माळरानातून घेऊन चाललेत! ३० डिसेंबर १९३० ला इथलं पहिलं रॉकेट उडालं. लांबी ११ फूट, उंची गाठली सुमारे २,००० फूट. कोबीच्या वाफ्यापासून इथवर यायला पावणेपाच वर्षं लागली. त्यातला बराच काळ इंजिनावर गेला हे खरं, पण शेवटच्या दीड वर्षात जागेचा प्रश्नही होताच.

बर्लिनची दोन मोटारी

आता समुद्र ओलांडून जर्मनीत जाऊ. साल तेच, १९३०. पण गॉडर्ड एकटे होते, इथे मात्र खराखुरा क्लब आहे. नाव, मराठीत सांगायचं तर, 'अंतराळ प्रवास संघ'. १९२७ मध्ये स्थापन झालेला. सभासदांमध्ये इंजिनियर, लेखक, विद्यार्थी, आणि नंतर मंदीमुळे बेकार झालेले कारागीरसुद्धा.

या मंडळींना बर्लिन शहराच्या उत्तरेकडे राइनिकेनडॉर्फ भागात लष्कराचं जुनं दारूगोळ्याचं कोठार मिळालं. भाडं सांगितलं जातं ते वर्षाला १० मार्क, म्हणजे जवळजवळ फुकट. २७ सप्टेंबर १९३० ला त्यांनी तिथे पाटी लावली, 'राकेटेनफ्लुगप्लाट्झ', म्हणजे रॉकेटतळ. जाड भिंतींच्या इमारती, भोवती मातीचे बांध, स्फोट झालाच तर आतल्या आत. शहराची ट्राम, दुकानं, कारखाने हाताशी. रस्त्याचा प्रश्नच नाही! घर, कार्यशाळा आणि मैदान, सगळं एकाच कुंपणात.

पण जी जागा शहराला जवळ, तिला शेजारही जवळ. रॉकेट उंच जायला लागलं तसं ते कुंपणाबाहेर पडायला लागलं. एक तर समोरच्या पोलिसांच्या आवारातल्या जुन्या शेडवर जाऊन पडलं. मग पोलिसांचे निर्बंध आले. गॉडर्डची ऑबर्नची गोष्ट बर्लिनमध्ये पुन्हा.

इथे थोडं गणित बघूया. आज अमेरिकेतल्या हौशी संघटनेचा मोठ्या रॉकेटसाठी नियम असा आहे की मैदानाची सगळ्यात छोटी बाजू रॉकेटच्या कमाल उंचीच्या निदान निम्मी हवी, किंवा १,५०० फूट, यातलं जे जास्त असेल ते. म्हणजे तुमचं रॉकेट ३ किलोमीटर वर जाणार असेल, तर मैदान दोन्ही बाजूंनी किमान दीड किलोमीटर. उंची दुप्पट केली की मैदानाची बाजू दुप्पट, आणि क्षेत्रफळ चौपट. एवढी मोकळी जागा शहराजवळ मिळणार का? म्हणून जितकं उंच जायचं, तितकं लांब जावं लागतं. आणि जितकं लांब, तितका रस्ता वाईट. बर्लिनच्या पोरांकडे हा नियम लिहिलेला नव्हता, पण त्यांना तो भोगावा लागला.

आणि इथेच लष्कर आलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीच्या तोफांवर मर्यादा घातल्या होत्या. रॉकेटबद्दल त्यात काही नव्हतं. लष्करी अधिकारी रॉकेटतळ बघून गेले आणि म्हणाले, आमच्या कुमर्सडॉर्फच्या गोळीबाराच्या मैदानावर येऊन उडवून दाखवा. मैदान मोठं, मोजमापाची उपकरणं आमची.

१९३२ चा उन्हाळा. भल्या पहाटे क्लबच्या दोन मोटारी निघाल्या. क्लबकडे होत्याच दोन. पुढच्या गाडीवर उड्डाणाचा सांगाडा आणि चंदेरी रंगाचं रॉकेट. मागच्या गाडीत पेट्रोल, अवजारं आणि द्रव ऑक्सिजन. हा द्रव ऑक्सिजन म्हणजे उणे १८३ अंशाचा ऐवज. भांड्यात बसल्या बसल्या उडून जात असतो. रस्त्यात अर्धा तास वाया गेला तर अर्ध्या तासाचा ऑक्सिजनही गेला. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात उलटी मोजणी बर्लिनलाच सुरू झालेली असणार!

बर्लिनच्या दक्षिणेला जंगलात पहाटे पाच वाजता लष्कराचे कॅप्टन डॉर्नबर्गर त्यांची वाट बघत होते. तिथून त्यांनी गाड्यांना आत नेलं. रॉकेट उडालं, पण कलंडलं आणि जवळजवळ आडवं गेलं. प्रयोग फसला.

पण त्या गाड्यांमधून आलेला एक विशीतला विद्यार्थी लष्कराच्या नजरेत भरला. त्याचं नाव वेर्नर फॉन ब्राउन. त्याच वर्षाच्या अखेरीस तो लष्करासाठी काम करायला लागला. मैदान, पैसा, वाहनं, कशाची ददात राहिली नाही. त्या वाटेच्या टोकाला होतं व्ही-२. लंडन आणि अँटवर्पवर पडलेलं क्षेपणास्त्र, आणि मिटेलबाउ-डोराच्या भुयारांत ते बनवताना मेलेले हजारो कैदी. क्लबचं काय झालं? नाझी सत्तेवर आल्यावर एक-दीड वर्षात रॉकेटतळ बंद झाला.

मी असं म्हणत नाही की मैदान नव्हतं म्हणून व्ही-२ झालं. इतिहास इतका सरळ नसतो. पैसा हवा होता, महत्त्वाकांक्षा होती, राजकारण होतं. पण क्लबला स्वतःच्या बळावर जिथे जाता येत नव्हतं, तिथलं फाटक लष्कराच्या हातात होतं. आणि फाटक ज्याच्या हातात, तोच ठरवतो आत काय उडवायचं.

ज्यांना फाटकच मिळालं नाही

इंग्लंडमध्ये तर याहून गंमत. १९३३ मध्ये लिव्हरपूलला 'ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी' सुरू झाली. चंद्रावर जायच्या गप्पा, पण १८७५ च्या स्फोटकांच्या कायद्यामुळे साधं रॉकेट उडवायची सोय नाही. मग त्यांनी काय केलं? कागदावर चंद्रयानं आखली, लेख लिहिले, वाद घातले. आर्थर सी. क्लार्क याच मंडळींतले. ट्रेलर जोडायची वेळच आली नाही, म्हणून कल्पनाशक्ती सुसाट सुटली.

उलट कॅलिफोर्नियात काय झालं बघा. पॅसाडेनातल्या कॅलटेक संस्थेत फ्रँक मलिना शिकत होता. त्याला दोन दोस्त मिळाले, जॅक पार्सन्स आणि एड फोर्मन. दोघांकडे कॉलेजची पदवी नाही, पण हात सोन्याचे. ऑक्टोबर १९३६ मध्ये पहिल्या इंजिन-चाचणीच्या आदल्या दिवशी ही मंडळी लॉस एंजेलिसला फेऱ्या मारून टाक्या, नळ्या, मापक गोळा करत होती. रात्रभर जोडाजोडी. पहाटे घरी जाऊन जेमतेम तीन तास झोप. आणि ३१ ऑक्टोबरच्या सकाळी सगळं ट्रकवर लादून शहराबाहेर अरोयो सेको नावाच्या कोरड्या नदीपात्रात. वाळूच्या गोण्या रचल्या, त्यांच्या मागे लपले. शेवटच्या प्रयत्नात ऑक्सिजनची नळीच पेटली आणि सापासारखी वळवळत सुटली. सगळे पळाले!

पुढे कॅम्पसमध्ये प्रयोग करून बघितले, तर विषारी वायू सुटून उपकरणांना गंज चढला. संस्थेने सांगितलं, बाहेर जा. पुन्हा तेच नदीपात्र. त्या पात्राच्या काठावर आज काय आहे माहितीय? जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी. मंगळावर गाड्या चालवणारी संस्था. जिथे ती पोरं ट्रक घेऊन आली, तिथेच.

फरक लक्षात घ्या. त्यांनाही पुढे लष्कराचा पैसा मिळाला, हात त्यांचेही स्वच्छ राहिले असं नाही. पण पहिली जागा त्यांनी स्वतः शोधली होती, आणि ती ट्रकने गाठता येईल इतक्या अंतरावर होती.

वाळलेलं तळं

युद्धानंतर हौशी रॉकेटबाजी पसरली. छोट्या कागदी रॉकेटसाठी शाळेचं मैदान पुरतं. पण मोठ्या रॉकेटवाल्यांचा मोर्चा वळला वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांकडे. यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे नेवाडा राज्यातलं ब्लॅक रॉक.

हे तळं म्हणजे वाळलेल्या बारीक चिकणमातीचा प्रचंड पाट. उन्हाळ्यात इतका टणक की कितीही जड ट्रेलर न्या, रस्त्याची गरजच नाही, अख्खं तळं म्हणजेच रस्ता. पण पाऊस पडला की संपलं. वरून कोरडं दिसतं, आणि चाक गेलं की खाली लोण्यासारखा चिखल. अडकलेली गाडी काढायला आलेली गाडीही अडकते. त्यामुळे क्लबच्या तारखा रॉकेटच्या सोयीने नाही, तळ्याच्या मर्जीने ठरतात.

या तळ्यावरून १७ मे २००४ ला हौशी मंडळींच्या 'गोफास्ट' रॉकेटने पहिल्यांदा १०० किलोमीटरची, म्हणजे अंतराळाची वेस ओलांडली. आणि २० ऑक्टोबर २०२४ ला लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचं 'आफ्टरशॉक टू' ४,७०,००० फुटांवर, साधारण १४३ किलोमीटरवर गेलं. तुमच्या वयाची पोरं!

उंची हेच सगळं नसतं बरं का. २५ एप्रिल २००९ ला स्टीव्ह इव्ह्ज या हौशी माणसाने सॅटर्न-५ ची एक-दशांश प्रतिकृती मेरीलँड राज्यातल्या एका शेतातून उडवली. ३६ फूट उंच, वजन सुमारे ७५० किलो. ते जेमतेम १,३५० मीटर वर गेलं. पण त्याआधी ते ओहायो राज्यातून शेकडो किलोमीटर आणायचं होतं, शेतात शिरवायचं होतं, क्रेनने उभं करायचं होतं. शेतात क्रेन आणि ट्रेलर न्यायचे म्हणजे माती किती भार सोसेल, वळायला जागा आहे का, फाटक किती रुंद, बाजूला पीक उभं आहे का, हे सगळं आलं.

म्हणूनच नवीन मैदान बघायला गेलेला क्लब आधी आकाश बघत नाही. आधी चाकाखालची जमीन बघतो. गाड्या कुठे उभ्या करायच्या, ट्रेलर मागे न घेता वळेल का, रुग्णवाहिका आत येऊ शकेल का. आणि अमेरिकेतल्या गुराख्यांच्या मुलखातला एक साधा नियम पाळतो: फाटक जसं सापडलं तसंच ठेवून जायचं. उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. ओल्या शेतात एकदा खोल चाकोऱ्या पाडल्या की शेतकरी पुढच्या वर्षी बोलावत नाही. रॉकेट कितीही सुंदर उडालं असू दे.

आणि आपल्याकडे?

थुंबा हौशी क्लब नव्हता, सरकारी केंद्र होतं. तरी शेवटच्या टप्प्याची अडचण तिथेही तीच होती, म्हणून सांगतो. २१ नोव्हेंबर १९६३. केरळच्या किनाऱ्यावरून भारतातलं पहिलं रॉकेट उडणार होतं. ते चर्चच्या इमारतीत जोडलं होतं. तिथून ट्रकने उड्डाणाच्या जागी आणलं. हाताने चालवायच्या क्रेनने उचलायला लागले आणि रॉकेट कलायला लागलं, क्रेनमध्ये गळती! दुरुस्तीला वेळ नव्हता. शेवटी तिथल्या तरुण इंजिनियरांनी मिळून, हातांनी, ते जागेवर बसवलं. त्यात अब्दुल कलाम होते. ही हकिकत त्यांनीच आत्मचरित्रात सांगितली आहे.

१९८१ मध्ये 'ॲपल' उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो तर तुम्ही पाहिलाच असेल. लोक तो गरिबीचा पुरावा म्हणून फिरवतात. खरं कारण वेगळं होतं. अँटेनाच्या चाचणीसाठी धातूचा अडथळा नको होता. लाकडी गाडी हेच त्या कामाचं योग्य वाहन होतं. वाहन निवडणं हाही विज्ञानाचाच भाग आहे, एवढं या फोटोतून घ्या.

जाता जाता एक. हे ऐकून कुणी घरामागच्या माळावर प्रयोग करायला निघाला असेल, तर थांबा. आपल्याकडे १८८४ पासूनचा स्फोटकांचा कायदा आहे, आणि हवाई हद्दीचेही नियम आहेत. कॉलेजच्या टीममधून, परवानगी घेऊन, जाणत्या माणसांबरोबरच करा. आणि टीममध्ये गेलात, तर सगळे इंजिनाच्या टेबलाभोवती गर्दी करतील तेव्हा एकाने तरी हात वर करून विचारा: जागा कुणाची आहे, तिथे जायची वाट कुणाच्या हातात आहे, आणि त्या बदल्यात ते आपल्याकडून काय मागतील?

बर्लिनच्या पोरांनी यातला शेवटचा प्रश्न विचारला होता की नाही, याचा विचार करत राहा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!